बीटीएस फुटलं का नाही? सात जण, दोन तारखा आणि एका बॉय बँडच्या बारा वर्षांचा हिशोब

१० जून २०२५. दक्षिण कोरियातल्या चुनचॉन शहरात सकाळपासूनच गर्दी जमली होती. लष्करी गणवेशातले दोन तरुण समोर आले. एकाच्या हातात सॅक्सोफोन होता. त्यानं तो वाजवला, दोघांनी सॅल्यूट ठोकला आणि चाहत्यांनी एकच जल्लोष केला.

सॅक्सोफोनवाला तरुण म्हणजे किम नामजून. जग त्याला 'आरएम' म्हणून ओळखतं. सैन्यात तो लष्करी बँडमध्ये होता. त्याच्या शेजारी उभा होता किम तेह्योंग, म्हणजे 'व्ही'. तो लष्करी पोलिसांच्या विशेष पथकात होता. दुसऱ्या दिवशी जिमिन आणि जंगकूक बाहेर पडले. २१ जूनला सुगाची सेवा संपली. जिन आणि जे-होप हे दोघं त्याआधीच, २०२४ मध्ये परतले होते.

१ जुलैला सातही जण एकत्र लाइव्ह आले आणि २०२६ च्या वसंतात नवा अल्बम आणि त्यानंतर जगभराचा दौरा करणार असल्याचं त्यांनी जाहीर केलं.

बीटीएसची गोष्ट बहुतेक वेळा स्वप्नासारखी सांगितली जाते. छोट्या कंपनीतली गरीब मुलं, अपार कष्ट, मग अमेरिका जिंकली. यातलं काहीच खोटं नाही. पण हे ग्रुप म्हणून टिकले कसे, याचं उत्तर त्यात मिळत नाही. ते मिळतं त्यांच्या कॅलेंडरमध्ये.

कोरियातल्या प्रत्येक बॉय बँडच्या डोक्यावर दोन तारखांची टांगती तलवार असते. एक, कंपनीसोबतचा करार संपण्याची तारीख. दुसरी, सैन्यात भरती होण्याची तारीख. कितीतरी ग्रुप यातल्या एका तारखेला फुटतात. बीटीएस दोन्ही तारखा ओलांडून पुढे आलं. ते कसं जमलं आणि त्याची किंमत कोणी मोजली, ते समजून घेऊया.

सोलबाहेरची सात मुलं

बिग हिट एंटरटेनमेंट ही कंपनी २००५ मध्ये बँग शी-ह्योक या संगीतकारानं सुरू केली. कोरियात तेव्हा एसएम, वायजी आणि जेवायपी या तीन मोठ्या कंपन्यांचा दबदबा होता. बँग स्वतः जेवायपीसाठी गाणी करून बाहेर पडलेला माणूस. टीव्हीवरच्या संगीत कार्यक्रमांमध्ये कोणाला वेळ मिळणार, हे बऱ्याचदा कंपनीच्या वजनावर ठरायचं. बिग हिटकडे ते वजन नव्हतं.

१३ जून २०१३ ला बीटीएसनं पदार्पण केलं. नावाचं पूर्ण रूप 'बांगतान सोन्यॉनदान', अर्थ साधारण 'बुलेटप्रूफ बालवीर' असा. तरुणांवर येणाऱ्या दडपणाच्या, टोमण्यांच्या गोळ्या अडवणारी मुलं, अशी त्यामागची कल्पना होती.

सातपैकी एकही जण सोलमध्ये वाढलेला नाही. सुगा आणि व्ही देगू शहराचे, जिमिन आणि जंगकूक बुसानचे, जे-होप ग्वांगजूचा, तर आरएम आणि जिन सोलच्या आसपासच्या शहरांतले. पदार्पणाच्याच वर्षी त्यांनी 'सातुरी रॅप' नावाचं गाणं केलं. सातुरी म्हणजे बोलीभाषा. वऱ्हाडी आणि मालवणी बोलणाऱ्या पोरांनी आपापल्या बोलीत एकमेकांना चिमटे काढत रॅप करावं, तसा तो प्रकार.

सुरुवातीला सातही जण एकाच खोलीत झोपायचे. टीव्हीवरच्या संगीत कार्यक्रमात पहिला विजय मिळाला तो ५ मे २०१५ ला, म्हणजे पदार्पणानंतर जवळपास दोन वर्षांनी. के-पॉपमध्ये हा काळ लहान नाही. दरवर्षी डझनावारी नवे ग्रुप येतात आणि त्यातल्या बहुतेकांची नावंही कोणाच्या लक्षात राहत नाहीत.

'सात वर्षांचा शाप' म्हणजे काय?

के-पॉपमध्ये कलाकार शोधले जातात आणि मग घडवले जातात. कंपनी शाळकरी वयातल्या मुलामुलींना निवडते, काही वर्षं त्यांना गाणं, नाच, परदेशी भाषा शिकवते, राहायची सोय करते आणि मग ग्रुप बाजारात आणते. या सगळ्यावर झालेला खर्च वसूल होईपर्यंत कलाकाराच्या हातात फारसं काही पडत नाही, हे या धंद्यातलं जुनं गणित. त्यामुळे करार जितका लांब, तितका कंपनीचा फायदा.

हे गणित २००९ मध्ये कोर्टात पोहोचलं. टीव्हीएक्सक्यू हा त्या काळातला आशियातला अत्यंत लोकप्रिय बॉय बँड. त्याच्या पाचपैकी तीन सदस्यांनी एसएम एंटरटेनमेंटविरुद्ध दावा ठोकला. त्यांचा करार होता तब्बल १३ वर्षांचा. कोरियन माध्यमांनी अशा करारांना 'गुलामीचे करार' म्हणायला सुरुवात केली. कोर्टानं तिघांना स्वतंत्रपणे काम करण्याची तात्पुरती मोकळीक दिली आणि २०१२ मध्ये दोन्ही बाजूंनी तडजोड केली. पण तोपर्यंत पाच जणांचा ग्रुप दोन जणांवर आला होता.

त्याच वर्षी, म्हणजे २००९ मध्येच, तिथल्या फेअर ट्रेड कमिशननं मनोरंजन उद्योगासाठी एक नमुना करार आणला. त्यात कराराचा कमाल काळ सात वर्षांच्या आसपास आला.

कलाकारांना यातून संरक्षण मिळालं, पण त्यातून एक नवी मर्यादाही तयार झाली. सात वर्षं पूर्ण झाली की ग्रुपमधल्या प्रत्येकासमोर एकच प्रश्न येतो, थांबायचं की निघायचं? एखादा अभिनयात चमकलेला असतो, एखादी सोलो गाण्यात, तर कोणी थकलेलं असतं. सगळ्यांचं उत्तर एकच येणं कठीण. २००९ मध्ये आलेला टू-एनई-वन २०१६ मध्ये संपला. २०१० मध्ये आलेला सिस्टार २०१७ मध्ये. दोन्ही यशस्वी ग्रुप होते. चाहते याला 'सात वर्षांचा शाप' म्हणतात. खरं तर शापबिप काही नाही, करारपत्रावरचं कलम आहे.

बीटीएसच्या बाबतीत ही तारीख २०२० मध्ये येणार होती.

तुटता तुटता सावरलेलं वर्ष

२०१८ हे बीटीएसचं सोन्याचं वर्ष मानलं जातं. 'लव्ह युवरसेल्फ : टिअर' हा अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड २०० यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. कोणत्याही कोरियन कलाकारासाठी हे पहिल्यांदाच घडत होतं. सप्टेंबरमध्ये आरएमनं ग्रुपच्या वतीनं संयुक्त राष्ट्रांत युनिसेफच्या कार्यक्रमात भाषण केलं. ऑक्टोबरमध्ये कोरिया सरकारनं सातही जणांना सांस्कृतिक सन्मान दिला.

आणि याच वर्षाच्या सुरुवातीला ग्रुप फुटण्याच्या बेतात होता.

हे बाहेर आलं ते वर्षाच्या अखेरीस. एका पुरस्कार सोहळ्यात बोलताना जिननं सांगितलं की वर्षाच्या सुरुवातीला सगळे मनानं इतके थकले होते की ग्रुप बंद करण्यावरही चर्चा झाली होती. हे सांगताना तो आणि बाकीचे रडत होते. ज्या ग्रुपचा आलेख बाहेरून सरळ वर जाताना दिसत होता, तो आतून असा होता.

त्याच ऑक्टोबरमध्ये त्यांनी कंपनीसोबत आणखी सात वर्षांचा करार केला. जुना करार संपायला तेव्हा दीड वर्षाहून जास्त काळ बाकी होता.

करार संपायच्या तोंडावर वाटाघाटी झाल्या असत्या तर अफवा उठल्या असत्या, इतर कंपन्यांच्या ऑफर आल्या असत्या, एकेकाला वेगळं गाठणं सोपं झालं असतं. लवकर सही केल्यामुळे हे सगळं टळलं. त्यातच ग्रुपच्या हातात तेव्हा जबरदस्त ताकद होती. कंपनी जवळपास त्यांच्याच जोरावर चालत होती.

चाहत्यांनी नेमकं केलं काय?

बीटीएसच्या चाहत्यांना 'आर्मी' म्हणतात. या सैन्याचा उल्लेख बऱ्याचदा थट्टेनं होतो, पण त्याच्या कामाची पद्धत बघण्यासारखी आहे.

टीव्हीवर वेळ मिळत नव्हता, तेव्हा बीटीएसनं ट्विटर आणि यूट्यूबवर स्वतःचे छोटे व्हिडिओ, डायरी, सरावाची फुटेज टाकायला सुरुवात केली. कोरियनमधल्या या मजकुराचं भाषांतर चाहते स्वतःच करायचे आणि काही तासांत तो अनेक भाषांमध्ये फिरायचा. कोणी मतदानाची मोहीम चालवायचं, कोणी अमेरिकेतल्या रेडिओ केंद्रांना गाणं लावा म्हणून विनंत्या करायचं. मे २०१७ मध्ये बिलबोर्ड म्युझिक अवॉर्ड्समध्ये बीटीएसला 'टॉप सोशल आर्टिस्ट' पुरस्कार मिळाला. त्याआधी सलग सहा वर्षं तो जस्टिन बीबरकडे होता. अमेरिकेच्या संगीत उद्योगानं या ग्रुपची गांभीर्यानं दखल घेतली ती तिथून.

जून २०२० मध्ये बीटीएस आणि कंपनीनं अमेरिकेतल्या 'ब्लॅक लाइव्ज मॅटर' चळवळीला १० लाख डॉलर दिले. चाहत्यांनी साधारण एका दिवसात तेवढीच रक्कम स्वतः गोळा केली.

याची दुसरी बाजूही आहे. एकाच अल्बमच्या अनेक आवृत्त्या निघतात. प्रत्येकीत वेगवेगळी फोटोकार्डं असतात. आपल्या लाडक्या सदस्याचं कार्ड मिळावं म्हणून एकच अल्बम चार-पाच वेळा घेणारे चाहते असतात. चार्टवर गाणं वर राहावं म्हणून डिजिटल प्रती पुन्हा पुन्हा विकत घेतल्या जातात. अशा खरेदीवरून इतका वाद झाला की २०२२ च्या सुरुवातीला बिलबोर्डनं नियमच बदलला. एका ग्राहकानं एका आठवड्यात एका गाण्याची घेतलेली एकच डिजिटल प्रत मोजायची, असं ठरलं.

म्हणजे चाहत्यांच्या प्रेमानं ग्रुप उभा राहिला हे खरं, आणि त्या प्रेमाचं रूपांतर विक्रीत करणारी यंत्रणा कंपनीनं उभी केली हेही तितकंच खरं.

शेअर बाजारात उतरलेले सात जण

ऑगस्ट २०२० मध्ये, जगभर कोरोनाची बंधनं असताना, 'डायनामाइट' हे संपूर्ण इंग्रजी गाणं आलं आणि बिलबोर्ड हॉट १०० यादीत पहिलं ठरलं. डिसेंबरमध्ये 'लाइफ गोज ऑन' हे बहुतांश कोरियन भाषेतलं गाणं थेट पहिल्या क्रमांकावर उतरलं. हा मान मिळवणारं ते पहिलंच कोरियन गाणं. पुढच्या वर्षी 'बटर' एकूण दहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

याच दरम्यान, १५ ऑक्टोबर २०२० ला बिग हिट शेअर बाजारात उतरली. गुंतवणूकदारांना दिलेल्या माहितीनुसार, २०१९ मध्ये कंपनीच्या उत्पन्नातला तब्बल ९७ टक्के वाटा एकट्या बीटीएसचा होता. २०२० च्या पहिल्या सहामाहीत तो ८८ टक्क्यांच्या आसपास होता. बँग शी-ह्योकनं सातही जणांना प्रत्येकी ६८,३८५ शेअर दिले होते. प्रति शेअर १ लाख ३५ हजार वॉन या विक्री किमतीनं प्रत्येकाच्या वाट्याला ९२३ कोटी वॉनचे शेअर आले.

यामुळे ही मुलं श्रीमंत झाली. पण त्यांच्या आयुष्यातला प्रत्येक खासगी निर्णय आता बाजारातली बातमीही झाला. कोणी आजारी पडलं, कोणी थकलं, कोणी सैन्यात जाणार, तर हजारो गुंतवणूकदारांचे पैसे हलणार. कारखाना असलेल्या कंपनीला दुसरं यंत्र आणता येतं. इथे यंत्रं म्हणजे सात माणसं होती आणि त्यातला सगळ्यात मोठा त्याच डिसेंबरमध्ये २८ वर्षांचा होत होता.

पियानो वाजवणाऱ्याला सूट, पॉप गायकाला का नाही?

१९५३ मध्ये कोरियन युद्ध थांबलं ते शस्त्रसंधीनं. शांतता करार झालेलाच नाही. त्यामुळे दक्षिण कोरियात धडधाकट पुरुषांना साधारण २८ वर्षांच्या आत सैन्यसेवेत जावंच लागतं. लष्करात १८ महिने, नौदलात २० आणि हवाई दलात २१.

यात सूट आहे, पण ठरावीक लोकांना. १९७३ पासून तिथे 'कला आणि क्रीडा' क्षेत्रासाठी वेगळी तरतूद आहे. ऑलिम्पिकमध्ये कोणतंही पदक, आशियाई स्पर्धेत सुवर्ण किंवा शास्त्रीय संगीत-नृत्याच्या ठरावीक स्पर्धांमध्ये वरचा क्रमांक मिळवला, तर काही आठवड्यांचं प्राथमिक प्रशिक्षण घ्यायचं आणि मग ३४ महिने आपल्याच क्षेत्रात काम करायचं. सोबत ५४४ तासांचं समाजकार्य.

फुटबॉलपटू सोन ह्युंग-मिनला २०१८ च्या आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णामुळे ही सवलत मिळाली. 'फेकर' या नावानं ओळखल्या जाणाऱ्या ई-स्पोर्ट्स खेळाडूलाही २०२३ मध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णामुळे मिळाली. व्हिडिओ गेम खेळून सुवर्ण मिळवणाऱ्याला सूट आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाणाऱ्या गायकाला नाही, हा प्रश्न त्यामुळे रास्त होता.

सूट द्या म्हणणाऱ्यांकडे आकडे होते. ह्युंदाई रिसर्च इन्स्टिट्यूटनं २०१८ मध्ये केलेल्या अंदाजानुसार, बीटीएसमुळे कोरियाच्या अर्थव्यवस्थेला वर्षाला सुमारे ४.१४ लाख कोटी वॉनचा हातभार लागत होता. २०१७ मध्ये कोरियात आलेल्या दर १३ परदेशी पर्यटकांमागे एक जण बीटीएसमुळे आला, असंही त्यात म्हटलं होतं.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणंही कमजोर नव्हतं. स्पर्धेत पदक मिळतं, पंच असतात, यादी असते. पॉप संगीतात रेषा ओढायची कुठे? बिलबोर्डवर पहिला आला तर सूट आणि दुसरा आला तर नाही? शिवाय बीटीएसला मिळालेले पैसे त्यांचे आणि त्यांच्या कंपनीचे होते. एका श्रीमंत गायकाला घरी ठेवायचं आणि शेतकऱ्याच्या, कामगाराच्या मुलाला सीमेवर पाठवायचं, हे लोकांना पटवणं कुठल्याही सरकारला सोपं नव्हतं. त्यात देशातला जन्मदर घसरत चाललेला. २०२३ मध्ये तो प्रति स्त्री ०.७२ इतका खाली गेला. भरतीसाठी मुलंच कमी होत असताना सवलतीची यादी वाढवायची कशी?

यामागे एक जुनी जखमही आहे. यू सुंग-जुन हा नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कोरियात प्रचंड लोकप्रिय असलेला गायक. सैन्यात जाईन असं सांगत राहिला आणि २००२ मध्ये भरतीच्या आधी अमेरिकेचं नागरिकत्व घेऊन मोकळा झाला. कोरियानं त्याला देशात प्रवेशच नाकारला. पुढे सुप्रीम कोर्टात त्याच्या बाजूनं निकाल लागले तरी व्हिसाचा वाद सुटला नाही. त्यानंतर सैन्यसेवेच्या बाबतीत कोणत्याही मोठ्या कलाकाराला लोकांचा संशय परवडत नाही.

अखेर मधला मार्ग निघाला. डिसेंबर २०२० मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. सांस्कृतिक सन्मान मिळवलेल्या पॉप कलाकारांना वयाच्या तिशीपर्यंत सेवा पुढे ढकलता येईल, असं ठरलं. माफी मिळाली नव्हती, फक्त दोन वर्षं मिळाली होती.

जेवणाच्या टेबलावरची बातमी

१४ जून २०२२. पदार्पणाच्या नवव्या वाढदिवसानिमित्त सातही जणांचा एकत्र जेवतानाचा व्हिडिओ आला. गप्पा मारता मारता त्यांनी सांगितलं की ग्रुपचं काम काही काळ बाजूला ठेवून प्रत्येक जण सोलो कामाकडे वळणार आहे. आरएम म्हणाला की के-पॉपची व्यवस्था माणसाला परिपक्व व्हायला वेळच देत नाही. सतत काहीतरी तयार करत राहावं लागतं आणि आपल्याला नेमकं काय सांगायचंय हेच आता कळेनासं झालंय. बोलता बोलता काही जणांच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा शेअर जवळपास २५ टक्क्यांनी कोसळला. एव्हाना तिचं नाव 'हाइब' झालं होतं. एका दिवसात साधारण १.७ अब्ज डॉलरचं बाजारमूल्य पुसलं गेलं. ग्रुप फुटलेला नाही, ही विश्रांतीही नाही, असे खुलासे कंपनीला करावे लागले.

एकाच व्हिडिओकडे बघण्याच्या या दोन पद्धती होत्या. चाहत्यांना त्यात तिशीकडे झुकलेली, दमलेली सात माणसं दिसली. बाजाराला दिसला बंद पडणारा कारखाना.

१५ ऑक्टोबर २०२२ ला बीटीएसनं बुसानमध्ये मोफत कार्यक्रम केला. २०३० चा वर्ल्ड एक्स्पो बुसानला मिळावा यासाठीच्या प्रचाराचा तो भाग होता. सूट द्यायला कचरणाऱ्या सरकारला प्रचारासाठी मात्र बीटीएस हवं होतं, ही विसंगती तेव्हाही अनेकांनी बोलून दाखवली. पुढे एक्स्पो रियाधकडे गेला. मतं पडली रियाधला ११९ आणि बुसानला २९.

त्या कार्यक्रमानंतर दोनच दिवसांनी कंपनीनं जाहीर केलं की सातही जण सैन्यसेवा पूर्ण करतील.

सगळे मागेपुढे, पण जवळपास एकदम का गेले?

हा निर्णय बाहेरून भावनिक वाटतो, पण त्यामागे साधा हिशोब दिसतो.

जिन डिसेंबर १९९२ चा आणि जंगकूक सप्टेंबर १९९७ चा. दोघांमध्ये जवळपास पाच वर्षांचं अंतर. प्रत्येकानं आपापल्या तिशीपर्यंत थांबायचं ठरवलं असतं, तर जिन २०२२ च्या अखेरीस गेला असता आणि जंगकूक २०२७ मध्ये. शेवटचा माणूस परतेपर्यंत २०२९ उजाडलं असतं. म्हणजे सात जणांचं बीटीएस सहा-साडेसहा वर्षं मंचावर दिसलंच नसतं.

त्यामुळे धाकट्यांनी हाती असलेली वर्षं सोडून दिली. जिन १३ डिसेंबर २०२२ ला गेला. जे-होप एप्रिल २०२३ मध्ये. खांद्याच्या जुन्या दुखापतीमुळे सुगाला सप्टेंबर २०२३ पासून लष्कराऐवजी नागरी सेवा मिळाली. आरएम आणि व्ही ११ डिसेंबर २०२३ ला, जिमिन आणि जंगकूक दुसऱ्याच दिवशी. तेव्हा जंगकूक फक्त २६ वर्षांचा होता आणि त्याच जुलैमध्ये त्याचं 'सेव्हन' हे गाणं बिलबोर्ड हॉट १०० वर पहिलं आलं होतं. थांबला असता तर सोलो गायक म्हणून त्याला आणखी तीन-चार वर्षं मिळाली असती. ती त्यानं ग्रुपसाठी घातली, असं म्हणायला हरकत नाही.

सैन्यात कोणाला खास वागणूक मिळाल्याचं चित्र दिसू नये याची काळजी सगळ्यांनीच घेतली. जिन नव्या जवानांना शिकवणारा सहायक प्रशिक्षक झाला. जंगकूक स्वयंपाकघरात होता. एक ठेच लागली ती सुगाला. ऑगस्ट २०२४ मध्ये दारू पिऊन इलेक्ट्रिक स्कूटर चालवल्याबद्दल त्याच्यावर कारवाई झाली आणि १.५ कोटी वॉनचा दंड झाला. त्यानं माफी मागितली, पण कोरियात त्यावरून मोठा गदारोळ झाला.

या सगळ्यात एक महत्त्वाची तारीख जवळपास दुर्लक्षित राहिली. सप्टेंबर २०२३ मध्ये, म्हणजे पाच जणांची सेवा बाकी असताना किंवा नुकतीच सुरू होत असताना, सातही जणांच्या कराराचं दुसऱ्यांदा नूतनीकरण जाहीर झालं. २०१८ मध्ये वापरलेला तोच डाव. प्रश्न विचारला जाण्याआधी उत्तर देऊन टाकायचं.

मधल्या काळात कंपनी कशी तगली?

बीटीएस गेलं की हाइब बुडणार, असं म्हणणारे खूप होते. तसं झालं नाही. कंपनीनं सेव्हंटीनसारख्या ग्रुपचं व्यवस्थापन करणारी कंपनी आधीच विकत घेतली होती. २०२१ मध्ये तिनं अमेरिकेतली इथाका होल्डिंग्ज घेतली. बीटीएसच्या सदस्यांनी सैन्यात जाण्याआधी केलेलं सोलो कामही टप्प्याटप्प्यानं येत राहिलं. २०२३ मध्ये हाइबची उलाढाल २ लाख कोटी वॉनच्या पुढे गेली.

पण करारांचा जुना प्रश्न नव्या रूपात परत आला. हाइबच्याच एडोर या उपकंपनीतल्या न्यूजीन्स या मुलींच्या ग्रुपनं नोव्हेंबर २०२४ मध्ये करार संपल्याचं जाहीर केलं. कंपनी कोर्टात गेली. ३० ऑक्टोबर २०२५ ला सोलच्या कोर्टानं करार वैध असल्याचा निकाल दिला. हा करार २०२९ पर्यंतचा आहे.

बीटीएस आणि न्यूजीन्स, दोन्ही एकाच छताखालचे. एका ग्रुपकडे सही करताना ताकद होती, कारण कंपनी त्याच्यावर उभी होती. दुसऱ्यानं सही केली तेव्हा सदस्य अल्पवयीन होत्या आणि कंपनी अवाढव्य. त्यामुळे बीटीएसच्या उदाहरणावरून 'के-पॉपची व्यवस्था आता सुधारली' असा निष्कर्ष काढणं घाईचं ठरेल. बीटीएस हा नियम नाही, अपवाद आहे.

मुंबईचा यात काय संबंध?

बीटीएसनं आजवर भारतात कार्यक्रम केलेला नाही, तरी मुंबई-पुण्यापासून छोट्या शहरांपर्यंत त्यांचे चाहते आहेत. आता हा संबंध गाण्यांपुरता राहिलेला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये हाइबनं आपली भारतीय शाखा सुरू केल्याची बातमी आली आणि तिचं ठिकाण आहे मुंबई. स्थानिक कलाकार शोधून त्यांना के-पॉपच्या पद्धतीनं घडवणं हा कंपनीच्या परदेशातल्या धोरणाचा भाग आहे. जपान आणि अमेरिकेत तिनं हे आधी केलंय.

म्हणजे उद्या एखाद्या मराठी घरातली पंधरा-सोळा वर्षांची मुलगी ऑडिशनला जाऊ शकते. तिच्या आईवडिलांसमोर जो कागद येईल, त्यात तीन गोष्टी आधी बघायला हव्यात. करार किती वर्षांचा आहे, प्रशिक्षणाचा खर्च कोणाच्या नावावर टाकलाय आणि मध्येच थांबायचं ठरवलं तर काय होईल. टीव्हीएक्सक्यूपासून न्यूजीन्सपर्यंत भांडणं बहुतेक याच मुद्द्यांभोवती झाली आहेत.

मग बीटीएस टिकलं कशामुळे?

नशीब, मेहनत, चाहते, चांगली गाणी, हे सगळं आहेच. पण इतर यशस्वी ग्रुपांकडेही यातलं बरंच काही होतं. बीटीएसचं वेगळेपण म्हणजे दोन्ही तारखा येण्याआधीच सात जणांनी मिळून त्यांचा सौदा केला. २०१८ मध्ये कराराचा आणि २०२२-२३ मध्ये सैन्यसेवेचा. प्रत्येक वेळी कोणीतरी स्वतःचा काही वेळ ग्रुपच्या खात्यात जमा केला.

त्याची किंमत मात्र आकड्यांत दिसत नाही. पदार्पणाच्या वेळी जंगकूक १५ वर्षांचा होता. गणवेश उतरवून तो बाहेर पडला तेव्हा २७ वर्षांचा. मधली बारा वर्षं आधी कंपनीच्या वेळापत्रकात गेली, मग चाहत्यांच्या अपेक्षांमध्ये आणि शेवटी देशाच्या कायद्यात. जून २०२२ च्या त्या जेवणात आरएमनं मागितला होता तो वेळ, थोडं थांबून विचार करण्यासाठी. तो त्यांना मिळाला खरा, पण त्यातला मोठा भाग बराकीत गेला.

आता दोन्ही तारखा मागे पडल्या आहेत. करार नवा आहे आणि सैन्याची सक्तीची सेवा संपलेली आहे. १३ जून २०१३ नंतर पहिल्यांदाच या सात जणांपुढे कोणतीही टांगती तलवार नाही. यापुढे ते एकत्र राहिले किंवा वेगळे झाले, तर तो निर्णय बहुतांशी त्यांचा स्वतःचा असेल.